सरकारी दवाखान्यात मुलांच्या दातांना तार लावून मिळते का?

बदलापूरची_आई
मुलगा ११ वर्षांचा आहे, वरचे पुढचे दात बरेच बाहेर आलेत, ओठ नीट मिटत नाहीत आणि मागच्या महिन्यात खेळताना पडला तर एका दाताचा टवका उडाला. खासगी डॉक्टरांनी ४५ हजार सांगितले, आम्हाला एवढे झेपणारे नाहीत. शाळेत तपासणीला टीम आलेली त्यांनी फक्त किडलेले दात बघितले, पुढे आलेल्या दातांबद्दल काहीच लिहिलं नाही. सरकारीत होतं का हे? कोणी केलंय का?

पीजी_ऑर्थो
होतं ताई. मुंबईत सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेसच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर डेंटल आहे. दोन्हीकडे ऑर्थो, म्हणजे दात सरळ करायचं डिपार्टमेंट आहे. पूर्ण फुकट धरून चालू नका, पण खासगीच्या मानाने खर्च खूपच कमी, रेशनकार्ड जवळ ठेवा आणि सवलतीचं विचारा. महत्त्वाचं म्हणजे काम आम्ही एमडीएसचे (बीडीएसनंतरचं पदव्युत्तर शिक्षण, म्हणजे पीजी) विद्यार्थी करतो सरांच्या देखरेखीखाली, आणि कोर्स ३ वर्षांचा. ट्रीटमेंट दीड-दोन वर्षं चालते, म्हणून केस पहिल्या वर्षाच्या पीजीकडे मिळते का बघा, नाहीतर तो पास होऊन जातो आणि मधेच दुसऱ्याच्या हातात जाते. आणि ११ वय आहे तर थांबू नका. खालचा जबडा मागे असेल तर वाढीच्या वयातच काढघाल करायचं अप्लायन्स देतात, वाढ संपली की ते चालत नाही.

स्लाव_मधून
इथे इंग्लंडमध्ये १८ च्या आतल्या मुलांना एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत मोफत असतं पण सगळ्यांना नाही बरं का. उपचाराची गरज किती त्याचे १ ते ५ ग्रेड असतात, दात ६ मिमीपेक्षा जास्त पुढे असतील तर ग्रेड ४, ९ च्या वर ५, या दोन्हीत मिळतं. ३ मध्ये असेल तर दिसायला किती वाईट दिसतंय त्याचा वेगळा स्कोअर बघतात. माझ्या मुलीचे ५ मिमी भरले, नाही मिळालं. वाईट वाटलं, पण नियम लिहिलेला आहे आणि सगळ्यांना तोच, हे मला पटतं. वेटिंग मात्र भरपूर.

नंदुरबारकर
मला हाच मुद्दा मांडायचाय. आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, अंगणवाडी आणि सरकारी शाळांतली मुलं १८ वर्षांपर्यंत तपासतात, दुभंगलेल्या ओठ-टाळूचं ऑपरेशन होतं, किड बघतात, मग पुढे आलेले दात मोजायला काय हरकत आहे? एक छोटी पट्टी लागते. लोक म्हणतात हे दिसण्यासाठी आहे, पण बाहेर आलेले दात पडल्यावर आधी तुटतात, ताईंच्या मुलाचं तेच झालं ना. आमच्याकडच्या मजुराने दर महिन्याला रोज बुडवून पोराला मुंबईला न्यायचं का? प्रत्येक जिल्हा रुग्णालयात महिन्यातून एक दिवस ऑर्थोडॉन्टिस्ट बसला तरी तारा आवळायचं काम तिथेच होईल. आज ज्याच्या घराजवळ डेंटल कॉलेज त्याचेच दात सरळ होतात, हे बरोबर नाही.

बदलापूरची_आई
खूप आभार सगळ्यांचे. सोमवारी नेते त्याला. टवका उडालेल्या दाताचं आधी करावं लागेल का?

पीजी_ऑर्थो
हो, आधी तोच दाखवा, आतली नस ठीक आहे का ते एक्स-रेत बघतील. किड असेल तर तीही तार लावायच्या आधी भरून घेतात. सकाळी लवकर पोचा, केसपेपर काढून आधी तपासणीच्या ओपीडीला, तिथून ऑर्थोला पाठवतील. पहिल्या दिवशी तार लागत नाही, मापं आणि फोटो होतात, त्यामुळे शाळेला अख्खी सुट्टी घ्या.