लॅब चाळीस सेकंदांत भांडं साफ करतो आणि मग दाणे बाहेर. वेग कसा कमी करायचा?

दोन_शेपट्या (इंदिरानगर, नाशिक)

घरात दोन कुत्री. लॅब्रॅडॉर नर, 3 वर्षे, 31 किलो. देशी मादी, 5 वर्षे, 16 किलो. दोघांची भांडी स्वयंपाकघरातच, चार-पाच फुटांच्या अंतरावर. लॅबला सकाळी 160 ग्रॅम ड्राय फूड (कोरडे दाणे), रात्री चिकन-भात.

लॅब सकाळचं खाणं 40 सेकंदांत संपवतो आणि लगेच देशीच्या भांड्याकडे वळतो. ती गुरगुरते. आठवड्यातून दोनदा तरी पाच मिनिटांच्या आत अख्खे दाणे बाहेर येतात, तेही तो पुन्हा खाऊन टाकतो. खाचांचा प्लास्टिक स्लो फीडर आणला तर पंजा मारून उलटा करतो. भांड्यात मोठा गोटा ठेवा असं काही जण सांगतात, काही म्हणतात भांडं स्टुलावर ठेवा. यातलं काय खरं?

खळं_आणि_शेपूट

भांडं बदलण्याआधी जागा बदला. चार फुटांवर दुसरं तोंड चालू असेल तर कुठलाही लॅब घाईच करणार, आणि खाचांच्या भांड्याने ही घाई कमी होत नाही, चिडचिड वाढते. शिवाय जेवण 40 सेकंदांवरून 10 मिनिटांवर गेलं की देशीला तेवढा वेळ पहारा द्यावा लागतो. आज गुरगुरणं आहे, उद्या दात लागतील.

तेव्हा एकाला स्वयंपाकघरात आणि दुसरीला बेडरूममध्ये खायला द्या, दार बंद करून. जाळीचं दार किंवा पडदा पुरत नाही, एकमेकांना दिसता कामा नये. दोघांचं संपलं की भांडी आधी उचला, मग दारं उघडा. रिकामं भांडं खाली राहिलं तरी त्यावरून जुंपते. पंधरा-वीस मिनिटांत जे उरेल ते उचलून ठेवायचं. फक्त एवढ्यानेच बऱ्याच कुत्र्यांचा वेग कमी होतो, म्हणून आठवडाभर हेच करून मोबाइलवर वेळ लावून बघा.

मग भांडं. प्लास्टिक स्लो फीडर हलका असतो, म्हणून उलटतो. लोखंडी बिडाचं अप्पेपात्र घ्या, भांडीबाजारात सहज मिळेल. वजनामुळे ते जागचं हलत नाही. बारा खळ्यांचं असेल तर 160 ग्रॅम म्हणजे खळ्याला साधारण 13 ग्रॅम. खळ्यांतून जिभेने एकेक दाणा काढावा लागतो. खाली ओलं फडकं किंवा रबरी मॅट टाका. नॉनस्टिक मात्र नको, दात आणि नखं घासून कोटिंगचे पापुद्रे पोटात जातात. बिडाचं धुतल्यावर लगेच पुसून तेलाचं बोट फिरवा, नाहीतर गंज धरतो.

मोठी परातही चालते. दाणे एका थरात पसरले की एका घासात दोन-चारच येतात. अप्पेपात्राइतका वेळ लागत नाही, पण फुकटात काम होतं.

गोटा नको. गोदेतला असो की नर्सरीतला, घाईत दात आपटून तुकडा उडतो, आणि छोटा असेल तर लॅब तो गिळायलाही कमी करत नाही. त्याऐवजी भांड्याच्या मध्यभागी जड स्टीलचा वाडगा पालथा ठेवा, कडेने जी गोल खाच उरेल तिच्यात दाणे टाका. वाडगा इतका मोठा हवा की जबड्यात मावणार नाही.

रात्रीच्या चिकन-भाताला अप्पेपात्र वापरू नका, भात खळ्यांत चिकटून बसतो आणि उन्हाळ्यात वास मारतो. भात परातीत पातळ थापून बोटांनी चर पाडा, किंवा दह्यात कालवून ताटलीत थापा आणि तासभर फ्रीजरला ठेवा. पूर्ण दगड होऊ देऊ नका. कांदा-लसूण, मीठ-मसाला आणि शिजवलेली हाडं वर्ज्य हे माहीत असेलच.

पोटाचं_बघा

वर सगळं बरोबर, दोन गोष्टी जोडतो.

पहिली म्हणजे, हे ओकणं आहे की नुसतं वर येणं? पोट आत-बाहेर ओढत, उमासे काढून आलं तर ती उलटी. मान खाली घातली आणि न पचलेले दाणे नळीच्या आकारात सरळ बाहेर आले, तर अन्न जठरापर्यंत पोचलंच नाही. घाईने खाणाऱ्यात दुसरा प्रकार जास्त. वेग कमी करूनही तो थांबला नाही, वजन उतरलं किंवा पाणी पितानाही खोकला येत असेल तर अन्ननलिका तपासून घ्यावी लागते. डॉक्टरांना सांगण्यापेक्षा मोबाइलवर व्हिडिओ दाखवा, फरक लगेच कळतो.

भूक अचानक वाढली असेल तर भांड्यात दोष शोधू नका. जंत, मधुमेह, स्वादुपिंडाचा पाचकरस कमी पडणं, चालू असलेलं स्टेरॉइड, यांपैकी काहीही असू शकतं. शी तपासून घ्या.

दुसरी गोष्ट स्टुलाची. भांडं उंच ठेवू नका. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या 2000 सालच्या अभ्यासात मोठ्या जातींमध्ये उंच भांडं आणि भरभर खाणं, दोन्हींचा संबंध पोट फुगून जठराला पीळ बसण्याच्या धोक्याशी दिसला होता. ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड, डॉबरमन अशा खोल छातीच्या कुत्र्यांत हा धोका अधिक, पण लॅब त्यातून सुटलेला नाही. खाण्याआधी आणि नंतर तासभर पळापळ बंद.

पोट ढोलकं होणं, उमासे येऊन काहीच न पडणं, लाळ गळणं, एका जागी न बसणं, हिरड्या फिक्या पडणं: यातलं काही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. हा काही तासांचा खेळ असतो. ओवा, हिंग, सोडा काहीही पाजत बसू नका. रात्री शस्त्रक्रिया करणारा दवाखाना कोणता, हे आजच फोन करून विचारून ठेवा.

बस_थांब_घे

भांडं खाली ठेवण्याआधीच तो उड्या मारत असेल तर तिथूनच सुरुवात करा. ‘बस’ म्हणा, भांडं कमरेइतकं धरा, हळूहळू खाली न्या. बूड उचललं की भांडं वर. एकही शब्द बोलायचा नाही, रागवायचं नाही. बसला की पुन्हा खाली. जमिनीला टेकलं की एक सेकंद थांबून ‘घे’. हे जमलं की तीन-चार सेकंद, त्याहून जास्त ताणू नका. मिनिटभर लाळ गाळत बसवलेलं कुत्रं सुटल्यावर दुप्पट वेगाने खातं.

एवढ्यावर घरातल्या सगळ्यांचं एकमत हवं. एकाने थांबवायचं आणि आजींनी मागच्या दाराने पोळी टाकायची, मग काही उपयोग नाही.

देशी गुरगुरते त्यावर तिला ओरडू नका. गुरगुरणं दाबलं तर ती पुढच्या वेळी न सांगता चावेल. भांड्यात हात घालून ‘सवय’ लावायचा प्रकारही बंद. जवळून जाताना चिकनचा तुकडा टाका आणि पुढे चालू लागा.

लॅबच्या 160 ग्रॅमपैकी 40 ग्रॅम बाजूला काढून दुपारी स्नफल मॅटमध्ये द्या, म्हणजे पट्ट्यांत दाणे लपवून हुंगत शोधायला लावणारी चटई. सिंकमधली भोकांची रबरी मॅट घ्या, जुन्या फ्लीस ब्लँकेटच्या 3 सेंटिमीटर रुंद, 15 सेंटिमीटर लांब पट्ट्या भोकांतून ओवून गाठी मारा. सुती कापड नको, त्याचे धागे सुटून पोटात जातात. पावसाळ्यात पंख्याखाली पूर्ण वाळवल्याशिवाय पुन्हा वापरू नका, आत बुरशी धरते. आणि आपल्याकडे द्राक्षं-बेदाणे घरात लोळत असतात म्हणून सांगतो, गंमत म्हणूनही मॅटमध्ये टाकू नका. कुत्र्यांची किडनी त्याने बंद पडू शकते, किती खाल्ल्यावर ते सांगता येत नाही.

दोन_शेपट्या

बेडरूमचं दार आजपासूनच. दाणे भिजवून दिले तर वेग कमी होईल का?

खळं_आणि_शेपूट

उलट वाढेल, मऊ दाणा न चावता घशाखाली जातो. भिजवायचेच असतील तर अप्पेपात्रात घालण्याआधी 15 मिनिटं कोमट पाण्यात ठेवा आणि पाणी गाळून घ्या. एप्रिल-मेच्या उकाड्यात भिजवलेलं उरलं तर झाकून ठेवू नका, टाकून द्या. आणि सकाळचे 160 ग्रॅम आणि रात्रीचा भात मिळून दिवसाचं किती होतं, तेही पाकिटावरच्या तक्त्याशी ताडून बघा. भाताचा अंदाज डोळ्यांनी केला तर बहुतेक लॅब गरजेपेक्षा जास्तच खातात.