विंडोज १० चा आधार संपला: कारखान्याच्या ऑफिसातील पाच संगणक बदलावेत की लिनक्सवर न्यावेत?

प्रश्न (टॉवेल कारखानदार, अक्कलकोट रस्ता)

नमस्कार. सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा लहान कारखाना आहे. ऑफिसात पाच संगणक आहेत. त्यांपैकी चार २०१६-१७ च्या सुमारास घेतले, पाचवा २०१९ मध्ये घेतला, आणि पाचही विंडोज १० वर चालतात. १४ ऑक्टोबर २०२५ नंतर विंडोज १० चा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षा अपडेटचा पुरवठा, संपला हे कळल्यावर मी आमच्या विक्रेत्यांना बोलावले. त्यांनी एकही संगणक न उघडता पाचही विंडोज ११ साठी अपात्र असल्याचे सांगितले आणि दुसऱ्या दिवशी नवे संगणक, परवाने व ऑफिस पॅकेजची वार्षिक वर्गणी धरून अडीच लाखांच्या वरचे कोटेशन पाठवले.

मला यातली एक गोष्ट मनापासून खटकते. आमच्या शेडमध्ये वडिलांनी घेतलेले माग आजही चालतात. भाग झिजला तर बदलतो, वेळच्या वेळी तेलपाणी करतो, आणि माग कधी थांबवायचा हे आम्ही ठरवतो. संगणकाच्या बाबतीत यंत्र धडधाकट असताना ते मोडीत काढण्याची तारीख दुसऱ्या कोणी ठरवावी, हे मला पटत नाही. माझा पुतण्या अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि सगळे संगणक लिनक्सवर, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या मोफत प्रणालीवर, न्यावेत असे तो म्हणतो.

कामाची विभागणी अशी आहे. एकावर टॅली हा हिशेबाचा प्रोग्राम आणि जीएसटी, दुसऱ्यावर माल पाठवण्याच्या नोंदी व ई-वे बिल, तिसऱ्यावर हजेरी, पगारपत्रक आणि मराठी पत्रव्यवहार, चौथ्यावर जकार्डच्या नक्षीचा प्रोग्राम, जो यूएसबी डोंगल (परवान्याची किल्ली असलेला छोटा तुकडा) लावल्याशिवाय उघडतच नाही, आणि पाचवा, म्हणजे २०१९ चा, माझ्या ईमेलसाठी व ग्राहकांना नमुन्यांची छायाचित्रे पाठवण्यासाठी. यांतले नेमके काय लिनक्सवर जाईल, आणि जे जाणार नाही त्याचे काय करावे, हे अनुभवी मंडळींकडून समजून घ्यायचे आहे.

उत्तर १ (संगणक दुरुस्ती, नवी पेठ)

मालक, आधी ते कोटेशन बाजूला ठेवा आणि प्रत्येक संगणकाचा प्रोसेसर कोणत्या पिढीचा आहे ते कागदावर लिहून काढा. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर, सिक्युअर बूट (संगणक सुरू होताना अनधिकृत प्रणाली रोखणारी सोय) आणि टीपीएम २.० लागतो. टीपीएम म्हणजे कुलपांच्या किल्ल्या सांभाळणारी व्यवस्था. ती मदरबोर्डवर वेगळ्या चिपच्या रूपात असते किंवा प्रोसेसरच्या यंत्रणेतच सामावलेली असते. आपला २०१९ चा संगणक आठव्या पिढीचा असण्याची बरीच शक्यता आहे. जुळवून दिलेल्या अनेक संगणकांत बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) टीपीएमची सोय बंद ठेवलेली असते, इंटेलच्या बोर्डावर तिचे नाव पीटीटी असते, आणि ती बंद असली की तपासणीचा प्रोग्राम सरळ ‘अपात्र’ म्हणतो. ती चालू केली की तोच संगणक पात्र ठरतो. सहाव्या-सातव्या पिढीतही बऱ्याच ठिकाणी पीटीटी असते, पण ते प्रोसेसर कंपनीच्या यादीत नसल्यामुळे अडतात. अट टाळून विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्या आहेत आणि काही दुकानांत त्या सर्रास वापरल्या जातात. परंतु अशा संगणकाला पुढे अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, म्हणून व्यवसायाच्या संगणकावर मी तसे करून देत नाही.

पैसे भरून वेळ वाढवण्याचाही मार्ग आहे. घरगुती वापरासाठीची वाढीव सुरक्षा योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. संस्थांसाठी ती पहिल्या वर्षी प्रत्येक संगणकामागे ६१ डॉलर, पुढे दर वर्षी दुप्पट आणि जास्तीत जास्त तीन वर्षे अशी आहे. ज्या एखाद्या संगणकावाचून गत्यंतर नाही त्याच्यासाठी ती घ्यावी. पाचांसाठी घेणे मला योग्य वाटत नाही.

उरलेल्या संगणकांविषयी बोलायचे तर ते मंद वाटत असतील तर दोष बहुधा जुन्या फिरत्या हार्डडिस्कचा आणि ४ जीबी रॅमचा असतो. २५६ जीबीची एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवा, रॅम ८ जीबी करा आणि त्यावर लिनक्स मिंट या लिनक्सच्या प्रकाराची हलकी एक्सएफसीई आवृत्ती घाला. मिंट २२ ही उबुंटू २४.०४ या लिनक्सच्याच दुसऱ्या प्रकारावर बेतलेली आहे आणि तिला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत. मात्र घालण्यापूर्वी ती पेनड्राइव्हवरूनच चालू करून दोन दिवस वापरा. त्याने डिस्कवरचे काही बदलत नाही, आणि प्रिंटर, स्कॅनर, वाय-फाय यांपैकी काय अडते ते तिथल्या तिथे समजते. विशेषतः छोट्या लेझर प्रिंटरच्या काही मॉडेलांना लिनक्सचा ड्रायव्हर मिळवताना फार त्रास होतो, आणि नेमकी तीच मॉडेले आपल्याकडच्या ऑफिसांत घरोघर आहेत.

एक विनंती आहे. टॉवेल कारखान्यातून आलेला संगणक मी उघडतो तेव्हा पंख्याच्या आणि उष्णताशोषकाच्या मधे सुताच्या उडत्या तंतूंचा चक्क नमदा बसलेला असतो, बोटाने धरून पट्टीसारखा सोलून काढता येईल इतका जाड. सोलापूरच्या मे महिन्यात असा प्रोसेसर तापतो, स्वतःहून गती कमी करतो, आणि मालकांना वाटते की संगणक जुना झाला. काहीही विकत घेण्यापूर्वी पाचही संगणक साफ करून घ्या.

उत्तर २ (हिशेबनीस, पंधरा वर्षे कारखान्यांची खाती पाहते)

काका, आपल्या पुतण्याचा उत्साह चांगला आहे, पण टॅलीचा संगणक विंडोजवरच राहू द्या. टॅली विंडोजसाठीच तयार होते. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या वाईनसारख्या थरातून ती उघडून दाखवणारे लोक भेटतात, परंतु विवरणपत्र भरण्याच्या शेवटच्या दिवशी, रात्री अकरा वाजता, छपाई अडली किंवा परवाना ओळखला गेला नाही, तर आपण कोणाकडे जाणार? ज्या कामाला तारीख आहे त्यावर प्रयोग करू नये, या मताची मी आहे.

जीएसटीचे संकेतस्थळ आणि ई-वे बिल दोन्ही ब्राउझरमध्ये चालतात, त्यामुळे माल पाठवणीचा संगणक लिनक्सवर न्यायला माझी हरकत नाही. वार्षिक विवरणपत्रासाठी दिली जाणारी ऑफलाइन फाइल मात्र एक्सेलच्या मॅक्रोवर (फाइलीतच लिहिलेल्या छोट्या प्रोग्रामवर) चालते आणि ती लिबरऑफिस या मोफत ऑफिस पॅकेजमध्ये उघडून काम करण्याच्या भानगडीत पडू नका. दुसरा मुद्दा सहीचा. आपला कारखाना आपल्या एकट्याच्या मालकीचा असेल तर विवरणपत्र ओटीपीने पडताळून दाखल करता येते. कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) असेल तर डिजिटल सही लागते, आणि ती ज्या यूएसबी टोकनमध्ये असते त्याचा ड्रायव्हर कोणत्या संगणकावर चालतो हे आधी पाहावे लागते. मी तरी टोकन टॅलीच्या संगणकालाच लावून ठेवीन.

आपला २०१९ चा संगणक विंडोज ११ ला पात्र ठरला तर टॅली त्यावर न्या. ईमेल आणि छायाचित्रे पाठवायला लिनक्स पुरेसे आहे.

उत्तर ३ (डीटीपी आणि लग्नपत्रिका छपाई, शुक्रवार पेठ)

आतापर्यंतच्या दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, पण तिसऱ्या संगणकातील मराठी मजकुराविषयी कोणी बोलले नाही आणि मला खरी अडचण तिथेच दिसते. आपली जुनी पत्रे, नोटिसा आणि कामगारांच्या याद्या श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व (अक्षरांच्या आजच्या सर्वमान्य संकेतांआधीच्या) फाँटमध्ये असतील, तर त्या फाइलमध्ये मराठी अक्षरे साठवलेलीच नाहीत. तिथे इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे आहेत, आणि तो विशिष्ट फाँट त्यांच्या जागी देवनागरी आकार दाखवतो. फाँट काढला की ‘मजुरी’ या शब्दाच्या जागी निरर्थक इंग्रजी अक्षरांचा पुंजका उरतो. दहा वर्षांच्या एका संस्थेच्या इतिवृत्ताची अशी फाइल माझ्याकडे आली होती. ती कोणत्या फाँटमध्ये आहे हे टाइप करणाऱ्यांच्या पश्चात कोणालाच ठाऊक नव्हते, आणि एका वाक्यावरून दुसऱ्याचा अंदाज बांधत आम्ही ती सोडवली.

विंडोजने आपल्याला जेवढे बांधून ठेवलेले नाही, तेवढे या फाइलींनी बांधून ठेवले आहे. म्हणून विंडोज अजून चालू आहे आणि फाँट अजून बसलेले आहेत तोवरच सगळा मजकूर रूपांतरकाने युनिकोडमध्ये आणा आणि मूळ छापील प्रतीशी ताडून वाचा. रफार, ‘श्र’, ‘ट्र’ आणि ऱ्हस्व इकार यांच्यात हमखास चुका राहतात. आडनावांत तर फारच, आणि आपल्याकडे कामगारांच्या यादीत तेलुगू आडनावे भरपूर असतात; ‘बोम्मा’तला जोडाक्षराचा अर्धा म गळला तर माणसाच्या बँक खात्यावरचे नाव जुळत नाही.

एकदा युनिकोडमध्ये आले की लिनक्सवर मराठीची अडचण राहत नाही. लोहित, नोटो, मुक्ता हे फाँट फुकट आहेत, भारतीय भाषांसाठीचा इनस्क्रिप्ट कळफलक मिळतो, आणि त्याच संगणकावर तेलुगू किंवा कन्नड नोटीसही लिहिता येते. मी स्वतः मात्र छपाईचे काम विंडोजवर करतो, कारण ग्राहक कोरलड्रॉच्या फाइली आणतात आणि त्या मला जशाच्या तशा उघडाव्या लागतात.

उत्तर ४ (सूत व्यापारी)

आम्ही आमच्या पेढीवरचे तीन संगणक लिनक्सवर नेले आणि वर्षभरात त्यांतला एक परत विंडोजवर आणला. दोष लिनक्सचा नव्हता. आमच्या जुन्या दिवाणजींना विचारात न घेता मी एका रविवारी सगळे बदलून टाकले आणि सोमवारी सकाळी त्यांच्यासमोर अनोळखी पडदा ठेवला, ही चूक माझी होती. एक्सेलमध्ये त्यांनी स्वतः रचलेली उधारीची वही होती, तिच्यातील बटणे लिबरऑफिसमध्ये चालेनात, आणि तीस वर्षे बिनचूक हिशेब ठेवणारा माणूस आपल्याला आता काही येत नाही अशा समजुतीने दोन दिवस गप्प बसून राहिला. ते मला आजही आठवते. आपण आधी विंडोजवरच लिबरऑफिस आणि फायरफॉक्स बसवा. लोकांचा हात त्यावर बसू द्या, आणि मग खालची प्रणाली बदला.

नक्षीच्या प्रोग्रामविषयी मी आपल्याहून कमी जाणतो, पण डोंगलवर चालणारा प्रोग्राम हलवू नये असे वाटते. त्या संगणकाची इंटरनेटची वायर काढून टाका आणि नक्षीच्या फाइली तपासलेल्या पेनड्राइव्हनेच न्या-आणा.

प्रश्नकर्त्याचा पुढील मजकूर, सहा आठवड्यांनंतर

सर्वांचे आभार. आपण सांगितल्याप्रमाणे एकेक गोष्ट केली, ती इतरांच्या उपयोगी पडावी म्हणून लिहितो.

२०१९ चा संगणक आठव्या पिढीचाच निघाला. बायोसमध्ये पीटीटी बंद होती. ती चालू केल्यावर तो विंडोज ११ ला पात्र ठरला, टॅली आता त्याच्यावर आहे, आणि सहीचे टोकनही तिथेच लावले आहे. ज्यांनी पाचही संगणक अपात्र म्हटले होते त्यांना मी हे फोनवर सांगितले. त्यांनी नवे, चार संगणकांचे कोटेशन पाठवले, आणि ते मी स्वीकारलेले नाही.

बाकीचे चार उघडून साफ केले. पंख्यातून निघालेले तंतू एका कागदावर ठेवून मी शेडमधील सर्वांना दाखवले, आणि आता दर महिन्याला मागांच्या तेलपाण्याबरोबर संगणकांचीही साफसफाई होते. माल पाठवणीचा संगणक आणि टॅली जिथे पूर्वी होती तो संगणक, असे दोन एसएसडी घालून मिंटवर नेले. दोन्हींचा खर्च एका नव्या संगणकाच्या निम्म्याहूनही कमी आला. दुसरा मी स्वतः वापरतो. प्रिंटरने मात्र अपेक्षेप्रमाणे त्रास दिला. दोन संध्याकाळी खटपट करून पुतण्याने तो नाद सोडला, आणि आता पाठवणीच्या पावत्या पीडीएफ करून टॅलीच्या संगणकावरून छापतो. ही सोय तात्पुरती आहे; प्रिंटर बदलताना लिनक्सला चालणारे मॉडेल पाहूनच घेणार आहे.

नक्षीचा संगणक विंडोज १० वरच ठेवला आहे, त्याची नेटची वायर काढली आहे, आणि नक्षीच्या सर्व फाइलींच्या प्रती दोन वेगळ्या डिस्कवर घेतल्या आहेत. प्रोग्राम बनवणाऱ्यांना डोंगल बिघडल्यास काय करायचे असे लेखी विचारले आहे. उत्तर अजून आलेले नाही.

हजेरीच्या संगणकाला अजून हात लावलेला नाही, कारण शुक्रवार पेठेतील स्नेह्यांनी सांगितलेले रूपांतर चालू आहे. आमच्याकडे हजेरी पाहणाऱ्या बाई रोज जेवणाच्या सुट्टीनंतर अर्धा तास छापील हजेरीपत्रक शेजारी ठेवून नावे ताडून पाहतात. आतापर्यंत सत्तर नावे झाली, त्यांतली अकरा चुकीची निघाली, आणि त्यांपैकी दोन जुन्या फाइलीतच पहिल्यापासून चुकीची होती. ती दोन्ही माणसे अजून आमच्याकडे कामाला आहेत. बाईंनी त्यांना बोलावून नाव कसे लिहायचे ते विचारले आणि त्यांच्यासमोरच दुरुस्त केले.