गावाच्या ग्रुपवर सहाशे जण, ग्रामसभेला कोरम नाही

पांदणवाट (दर्यापूर तालुका)
गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, सहाशेच्या वर मेंबर. फुलांचे फोटो, वाढदिवस अन् फॉरवर्डमध्ये नळाची वेळ, रेशन आल्याचा निरोप, ग्रामसभेची नोटीस, सारं वाहून जाते. ग्रुप बंद करावा का? अन् ज्यांच्याजवळ साधा फोन आहे त्यांचं काय?

रोहीराखण
बंद नका करू भाऊ. गप्पांचा ग्रुप तसाच राहू द्या, ‘गाव सूचना’ वेगळा काढा. ग्रुपच्या नावावर टिचकी मारा, परमिशनमध्ये जा, मेंबरांनी मेसेज पाठवण्याची मुभा बंद करा. मग फक्त ॲडमिन लिहितील. ॲडमिन कामाचे घ्या: ग्रामपंचायतीचा शिपाई, पाणी सोडणारा, आशाताई, रेशन दुकानदार, बचत गटाची एक ताई. सरपंचाच्या गटाचा माणूस घेतला तर विरोधी गटाचाही घ्या, नाही तर अर्धं गाव ‘लेफ्ट’ होते.

ग्रुपची मर्यादा १०२४. साध्या ग्रुपात प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो, म्हणून बाया जुळत नाहीत. व्हॉट्सॲपची ‘कम्युनिटी’ (अनेक ग्रुप एकत्र जोडायची सोय) काढली तर तिच्या सूचना-ग्रुपात मेंबरांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. माझ्या मते हाच तिचा खरा फायदा.

नोटिशीचा तिरपा फोटो टाकू नका. शिवारात रेंज एक कांडी असली की तो उघडतच नाही. टाइप करा: ‘पाणी. उद्या बुधवार, सकाळी ६ ते ७, वॉर्ड २ व ३. वॉर्ड १ ला परवा.’ खाली तेच आपल्या बोलीत अर्ध्या मिनिटाच्या व्हॉइसमध्ये. वाचता न येणारी आजीही नातवाला ‘लाव बरं’ म्हणते.

चावडीवरचा
वरचं बरोबर, पण ग्रामसभेचा कोरम, म्हणजे किमान हजेरी, ग्रुपनं भरत नाही. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातला कमी आकडा लागतो. २ ऑक्टोबरच्या सभेच्या वेळी सोयाबीनची सोंगणी, १५ ऑगस्टच्या वेळी निंदण-फवारणी. मजुरी बुडवून अकरा वाजता कोण येईन? वेळ संध्याकाळची मागा.

नोटीस सात दिवस आधी लागते, ती तीन ठिकाणी चिकटवा: ग्रामपंचायत, रेशन दुकान, पिठाची चक्की. चक्कीवर रांग असते, तिथं माणूस वाचतेच. दवंडी आदल्या दिवशी सातनंतर द्या. दुपारी दिलेली दवंडी म्हातारी माणसंच ऐकतात. महिलांची सभा मुख्य सभेच्या आधी घ्यायची असते, तिचा निरोप बचत गटाच्या बैठकीत तोंडी द्या.

आणि विषय लोकांचा पाहिजे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावात अभ्यासगटात विषयाची चर्चा होते अन् ग्रामसभेत निर्णय सर्वसहमतीनं. आपल्याकडे विषयपत्रिका सभेतच पहिल्यांदा कानावर पडते. सूचना-ग्रुपात चार दिवस आधी टाका: कोणत्या पांदणीचं काम, किती पैसे.

रोहीराखण
एक राहिलं. वाघ दिसला, पोरं पळवणारी टोळी आली, असे मेसेज रात्री सुटतात. जागा, वेळ अन् पाहणाऱ्याचं नाव नसेल तर ॲडमिननं तो ‘सर्वांसाठी’ डिलीट करावा. वाघ खरंच पाहणारा सापडला तर वनरक्षकाला फोन आधी, ग्रुप नंतर. ॲडमिन व्हायला लोक भितात, पण गोंदियाच्या एका प्रकरणात मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगितलं की समान हेतू किंवा संगनमत असल्याशिवाय मेंबरच्या पोस्टसाठी ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही.

पांदणवाट
साध्या फोनवाल्यांचं?

चावडीवरचा
दर दहा घरांमागं एक पोरगं किंवा पोरगी ठरवा. यादी वहीत: घर, कोणाजवळ कोणता फोन, कोण एकटं राहते. सूचना आली की साध्या फोनवर कॉल, फोनच नसेल तर दारात जाऊन निरोप. मग ॲडमिनला ‘झालं’ एवढंच कळवायचं. पोरगं शिकायला अमरावतीला गेलं की बदली नाव त्याच दिवशी लिहा, साखळी तिथंच तुटते. सुरुवात एका वॉर्डापासून, पाण्याच्या वेळेच्या निरोपानं करा. तो रोज लागते, म्हणून सवय लवकर पडते.