‘जासूद’ म्हणजे हेरच काय? जुन्या कागदांतील व्यवसायवाचक शब्दांविषयी

प्रश्न : घराण्याचा इतिहास जुळवताना एका मोडी कागदाचे लिप्यंतर हाती आले. त्यात आमच्या एका पूर्वजांच्या नावापुढे ‘जासूद’ असे लिहिले आहे आणि त्यामुळे ते हेर होते, असे घरात कौतुकाने सांगितले जाते. त्याच कागदात इतर दोघांचा उल्लेख ‘मोकदम’ आणि ‘वकील’ असा आहे. या शब्दांचे आजचे अर्थ घेऊन चालेल काय?

उत्तर : आजचे अर्थ तसेच घेऊ नयेत. ‘जासूद’ या शब्दात हेर हा अर्थ आहे, यात शंका नाही. शिवकालातील बहिर्जी नाईक जासूदांचे प्रमुख म्हणूनच ओळखले जातात. परंतु पेशवेकालीन पत्रांत हा शब्द बहुतेक ठिकाणी पत्रे पोहोचविणाऱ्या माणसासाठी येतो. असे निरोपे दोघादोघांनी पाठवीत, म्हणून ‘जासूदजोडी’ हा शब्द त्या पत्रांत वारंवार भेटतो. ‘कासीद’ हाही त्याच कामाचा शब्द. तेव्हा आपल्या पूर्वजांच्या नावाशेजारचे क्रियापद पाहावे : ‘जासूदाबरोबर पत्र पाठविले’ किंवा ‘जासूद रवाना केले’ अशी वाक्यरचना असेल, तर ते डाक वाहणारे होते असे समजावे. घरातील कौतुकाला यामुळे थोडा धक्का बसेल खरा, पण मुलखात धामधूम असताना थैली सांभाळून मजल दरमजल पोहोचविणे हेही लहान काम नव्हते.

‘मोकदम’ म्हणजे गावचा पाटील. ‘मोकदमी वतन’ आणि ‘पाटीलकी’ ही एकाच वतनाची दोन नावे आहेत. मजुरांच्या टोळीवर देखरेख करणारा हा ‘मुकादम’चा आज रुळलेला अर्थ त्या कागदाला लावला, तर गावचा प्रमुख वतनदार वाचणाऱ्याच्या डोळ्यांदेखत मजुरांचा म्होरक्या होऊन बसतो. ‘वकील’ या शब्दाचे तर त्याहून अधिक झाले आहे. न्यायालयात बाजू मांडणारा हा अर्थ इंग्रजी अमलात पक्का झाला. त्यापूर्वी वकील म्हणजे दुसऱ्या दरबारात राहून आपल्या धन्याचे हितसंबंध सांभाळणारा व तिकडच्या बातम्या कळविणारा प्रतिनिधी. पेशव्यांच्या वतीने दिल्लीत राहिलेले हिंगणे या अर्थाने वकील होते.

यासाठी कागदाचा काळ आधी ठरवावा आणि मगच शब्दकोश उघडावा. मराठी कागदांवर पुष्कळदा सुहूर सन (तेव्हाची एक कालगणना) अरबी अंकनामांत दिलेला असतो. उदाहरणार्थ, ‘सबैन मया व अलफ’ म्हणजे 70, 100 आणि 1000, मिळून 1170. सुहूर वर्ष मृग नक्षत्राच्या आरंभी बदलते; त्यात 599 किंवा 600 मिळविले की इसवी सन येतो, म्हणजे येथे 1769-70. इतके केल्याने किती फरक पडतो, हे ‘हवालदार’ या एका शब्दावरून दिसेल. 1675च्या सुमारास किल्ल्याचा हवालदार हा सबनीस व सरनोबत यांच्यासह किल्ल्याच्या कारभाराला जबाबदार असलेला मोठा अधिकारी होता. 1875च्या सुमारास तोच शब्द इंग्रजी फौजेतील एका खालच्या हुद्द्यासाठी वापरात होता.

कोशांपैकी मोल्सवर्थचा कोश (पहिली आवृत्ती 1831, दुसरी 1857) येथे अधिक उपयोगी पडतो, कारण त्यातील अर्थ पेशवाई संपून फार दिवस झाले नसताना टिपलेले आहेत. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश त्याच्या जोडीला ठेवावा.

लिप्यंतरही एकदा मूळ कागदाशी ताडून पाहावे. मोडीत शब्द सुटे लिहीत नसत, त्यामुळे ‘बिन’ (अमक्याचा मुलगा) आणि ‘निसबत’ (अमक्याच्या संबंधातील, त्याच्याकडील) हे शब्द शेजारच्या नावात मिसळून जातात. ‘जासूद निसबत’ यापुढे येणारे नाव बापाचे नसून ज्याच्याकडे चाकरी होती त्याचे असते. वंशावळीत ते चुकून वडिलांच्या जागी बसले, की पुढचा सारा शोध भलत्याच घराण्यात जातो.

पुरवणी : वरील विवेचन पटते, आडनावांविषयी मात्र थोडी भर घालतो. हुद्द्यावरून पडलेले आडनाव हा त्या माणसाच्या कामाचा पुरावा नव्हे. वतने वंशपरंपरेने चालत, पण वतनदार स्वतः काम करीतच असे असे नाही. अल्पवयीन, वृद्ध किंवा परगावी असलेल्या वतनदाराचे काम त्याचा मुतालिक अथवा गुमास्ता पाही. त्यामुळे ‘कुलकर्णी’ नावाच्या गृहस्थांनी आयुष्यात गावचे दप्तर उघडले नसेल आणि ते रोज लिहिणाऱ्याचे आडनाव वेगळेच असेल. वतनपत्रात नाव कोणाचे आहे हे पाहून थांबू नये. खालचे अक्षर कोणाचे, म्हणजे ‘दस्तुर’ कोणाची, हेही पाहावे. ‘पोतदार’ हे आडनाव तर सोनारांत आढळते आणि ब्राह्मणांतही, कारण नाणी पारखण्याचे व पोत्याचे, म्हणजे खजिन्याचे, काम हा त्या शब्दाचा गाभा आहे, जात नव्हे. समान आडनावावरून नाते जोडण्यापूर्वी हे ध्यानात घेतलेले बरे.

प्रश्नकर्त्यांचे उत्तर : आभारी आहे. मूळ कागद पुन्हा पाहिला. ‘जासूद’ याच्या पुढे ‘निसबत’ असून त्यानंतर जे नाव आहे, ते आम्ही आजवर खापरपणजोबांच्या वडिलांचे म्हणून वंशावळीत लिहीत आलो होतो. त्या जागी आता प्रश्नचिन्ह घातले आहे. ‘रवाना केले’ हे शब्द मात्र त्याच ओळीत स्पष्ट वाचता येतात.