मदत हवी आहे: डिस्क गोल्फच्या फेकींना मराठी शब्द

नमस्कार मंडळी. सोलापुरात ऊन उतरलं की होम मैदानावर आम्ही पोरांना डिस्क गोल्फ, म्हणजे फ्रिस्बीसारखी तबकडी (डिस्क) फेकून बास्केटमध्ये टाकायचा खेळ, शिकवतो. बास्केट म्हणून सध्या एक रिकामी पाटी. काल एक मुलगी विचारत होती, "सर, हायझर म्हंजे काय ओ?" मी हातवारे करून दाखवलं, शब्द मात्र सापडला नाही.

उजव्या हाताने बॅकहँड (हात छातीसमोरून बाहेर झटकून) फेकताना डिस्कची हातापासून लांबची कड खाली झुकवली की ती डावीकडे वळते, तो हायझर. तीच कड वर उचलली की उजवीकडे, तो अ‍ॅनहायझर. हायझर हे एका जुन्या खेळाडूचं आडनाव असं सांगतात. फ्रिस्बी हे नाव तर अमेरिकेतल्या ब्रिजपोर्टच्या, 'पाय' (pie) हा भाजलेला पदार्थ बनवणाऱ्या कंपनीचं! टोमाहॉक म्हणजे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची कुऱ्हाड, डिस्क तशीच डोक्यावरून उभी फेकतात. त्याला मी 'कुऱ्हाडफेक' म्हणतो, पोरांना लगेच कळतं. थंबरमध्ये अंगठा कडेच्या आत असतो, म्हणून 'अंगठाफेक'.

अडलंय ते हायझर-अ‍ॅनहायझरपाशी. 'झुकती' आणि 'उचलती' कसं वाटतं? गोफण, विटीदांडू, लगोरी खेळलेल्यांकडे अशा वळणाला एखादा जुना शब्द असेल तर कृपया कळवा. रविवारी नवीन पोरं येणार आहेत.