बँजोवरचा एक कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) कानाने सुटत नाहीये, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी लातूरचा. पाच तारांचा बँजो वाजवतो (वरातीतला बटणांचा बेंजो नव्हे), ट्युनिंग ओपन जी (मोकळ्या तारा छेडल्या की जी मेजर कॉर्ड वाजतो). एका रेकॉर्डिंगमध्ये जी आणि डी सेव्हनच्या मधल्या कॉर्डवर चार दिवस अडकलोय. चौथी तार तिसऱ्या पडद्यावर, तिसरी दुसऱ्या, दुसरी पहिल्या आणि पहिली तिसऱ्या पडद्यावर धरली की एफ मेजर होतो, जवळपास जुळतो. पण चौथी मोकळी सोडली की डी मायनर सेव्हन, तोही तितकाच जुळतो! वर पाचव्या तारेचा जी सतत घुमतो, त्यात खालचा स्वर हरवतो. वेग निम्मा केला, घरच्या पेटीवरही ताडून पाहिलं. तळाला एफ आहे की डी, हे तुम्ही कानाने कसं पकडता?