'~' नावाचं फोल्डर तयार झालंय, उडवायचं कसं?

घोळात_अडकलेला:
मंडळी, स्क्रिप्टमध्ये "~/बॅकअप" असा पाथ लिहिला होता, वाटलं ~ म्हणजे होम (माझं स्वतःचं मुख्य फोल्डर), सगळं तिथेच जाईल, तर पठ्ठ्याने प्रोजेक्टच्या आतच ~ नावाचं फोल्डर करून ठेवलं. एलएस (फोल्डरमधली यादी दाखवणारी कमांड) मारलं की '~' असं कोट्ससकट दिसतं, सीडी ~ केलं की होमलाच जातो. न विचारता सगळं उडवणारं आरएम -आरएफ ~ टाइप करून झालं होतं, एंटर मारताना हात थबकला म्हणून विचारतोय.

टर्मिनलकाका:
थबकला तेच बरं झालं रे बाबा! ती कमांड त्या फोल्डरला हातही लावत नाही, तुझं होम साफ करते. सुटं ~ दिसलं की शेल (टर्मिनलमधल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) आधीच त्याच्या जागी होमचा पाथ घालतो, आरएमपर्यंत ~ पोचतच नाही. कोट्समधल्या ~ ला मात्र तो शिवत नाही, म्हणून तर हे ध्यान जन्माला आलं. नावापुढे ./ (म्हणजे 'याच फोल्डरमधलं') लाव, एमव्ही ./~ टाकाऊ करून त्याचं नाव टाकाऊ कर, मग आत काय आहे ते बघ आणि नंतरच उडव. स्क्रिप्टमध्ये ~ ऐवजी $ लावून होम व्हेरिएबल घाल, तो डबल कोट्समध्येही उघडतो.

टॅबप्रेमी:
नावाची सुरुवात - ने असली तरी हेच ./ चालतं, नाहीतर कमांडला ते ऑप्शन वाटतं. लोक -- ('यापुढे ऑप्शन नाहीत' अशी खूण) सांगतात, ते बरोबरच आहे, पण इथे त्याचा काही उपयोग नाही, शेलने ~ आधीच बदललेलं असतं. आणि फोल्डरचं नाव नुसतं - असेल तर सीडी -- - सुद्धा मागच्याच डिरेक्टरीत नेऊन सोडतं, तिथे ./- च हवं. स्पेस, कंस, $ असलं काही असेल तर सरळ सिंगल कोट्स. डबलमध्ये ! आलं की बॅश (नेहमीचा शेल) जुन्या कमांडची हिस्ट्री उकरायला लागतो, माझा त्यात अर्धा तास गेलाय. हल्ली मी पहिली दोन अक्षरं टाइप करून टॅब दाबतो, बाकीचं शेल बघून घेतो.

घोळात_अडकलेला:
झालं काका, ./~ ने काम झालं. आत तीन दिवसांचे बॅकअप निघाले, बरं झालं आधी बघितलं. पण मग ते कोट्स नावातलेच होते का?

टॅबप्रेमी:
नाही रे, ते एलएस दाखवतो, नाव नुसतं ~ च. ग्नूच्या (लिनक्सवर सहसा असतो त्या) एलएसमध्ये २०१६ पासून तसं आहे. नको असेल तर एलएस -एन, त्यातला एन कॅपिटल.